स्कूटर विजेची घ्यावी की एसटीची वेळ बदलून घ्यावी?

प्रश्न : काका, मी गुहागर तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. घर ते शाळा २२ किलोमीटर, मध्ये दोन मोठे चढ. पेट्रोलची स्कूटर थकली आहे. विजेची घ्यावी म्हणते, तर घरचे म्हणतात, आपल्या पावसात आणि सारखी वीज जाते तिथे ती टिकायची नाही. शिवाय वीज तरी कोळशाचीच, मग देशाचं काय वाचलं?
— एक शिक्षिका, ता. गुहागर

उत्तर : ताई, घरच्यांच्या शंका रास्त आहेत. देशाचं आधी बघू.

तुमचे रोजचे ४४ किलोमीटर. थकलेली स्कूटर लिटरला चाळीस-पंचेचाळीस देत असेल, म्हणजे दिवसाला एक लिटर. शाळेचे २२० दिवस धरले तर वर्षाला २२० लिटर. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं शंभरात ८५ हून जास्त बाहेरून येतं, डॉलर मोजून. विजेच्या स्कूटरला तेवढ्याच वाटेला, चढ आणि चार्जिंगमधली गळती धरून, दोन युनिटं पुरतात. माझी सून दापोलीत अशी स्कूटर चालवते. मीटरचा आकडा मी पडवीतल्या कॅलेंडरवर दीड वर्ष टिपतो आहे, त्यावरून हे सांगतो.

वीज बरीचशी कोळशाची, हे खरं. पण तो कोळसा बहुतांशी आपल्याच खाणींतला असतो. आणि पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली तीन-चतुर्थांश शक्ती नुसती तापून जाते. विजेच्या मोटरीत बहुतेक सगळी चाकापर्यंत पोचते. तुमच्याच जिल्ह्यात पोफळीला कोयनेचं पाणी १९६२ पासून वीज करतंय आणि मग वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला येतंय. त्या खाडीच्या तोंडाशी अंजनवेलही आहे. तिथला प्रकल्प १९९९ मध्ये नाफ्थ्यावर सुरू झाला. नाफ्था तेलातूनच निघतो. वीज महाग पडली, पैशांवरून वाद झाला आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. बाहेरच्या इंधनावर बेतलेलं काम कसं अडतं ते गुहागरकरांनी दारात पाहिलेलं आहे. बॅटरीतले सेल अजून बहुतेक परदेशातूनच येतात, हेही मी लपवणार नाही. पण सेल एकदा आणले की काही वर्षं चालतात. पेट्रोल आज भरलं ते परवा धूर होऊन जातं.

आता पाऊस. पावसाने मोटर सहसा बिघडत नाही. बिघडतात ते वायरींचे जोड. समुद्राच्या खाऱ्या हवेने त्यांवर हिरवा थर चढतो. पावसाळ्याआधी आणि नंतर ते उघडून पुसून घ्या, फवाऱ्याच्या नळाने गाडी धुऊ नका आणि साकवावरून पाणी जात असेल तर गाडी घालू नका. घेताना एकच गोष्ट ताणून विचारा : दुरुस्तीचं केंद्र कुठे? चिपळूणच्या पलीकडे असेल तर दुसरी कंपनी बघा. एका चार्जिंगचा जो पल्ला कागदावर लिहिलेला असतो त्यातला तिसरा हिस्सा आपल्या चढांसाठी सोडून द्या.

चार्जिंगसाठी घरच्या आर्थिंगकडे, म्हणजे गळती वीज जमिनीत नेणाऱ्या तारेकडे, मात्र नीट लक्ष द्या. आपल्या जांभ्यात शिमग्यानंतर ओल उरत नाही आणि आर्थिंग नावापुरतं राहतं. मी खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरून घेतलं आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओततो. सोळा अँपिअरचा सॉकेट स्वतंत्र वायरीवर घ्या, लांबवलेल्या बोर्डावरून चार्जिंग नको.

वीज जाण्याचं म्हणाल, तर ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या वाडीत तीन आठवडे वीज नव्हती. तेव्हा आमच्याकडे विजेची स्कूटर नव्हती, पण पेट्रोलची मोटारसायकल होती आणि तीही उभीच होती. पंपालाही वीज लागते; जनरेटरवर चालणाऱ्या एका पंपावर अर्धा दिवस रांग होती. रोजच्या दोन-चार तासांच्या खंडाने तुमचं काही अडणार नाही, रात्रीतून गाडी भरते.

पण ताई, त्या वाटेवर सकाळची एसटी आहे ना? मी एसटीच्या यांत्रिक विभागात ३१ वर्षं काढली. आमच्याकडे गाडीचा हिशेब दहा लिटरला किती किलोमीटर असा होतो आणि पंचेचाळीसच्या आसपास येतो. म्हणजे तुमच्या २२ किलोमीटरला बस पाच लिटर डिझेल जाळते, मग आत चाळीस माणसं असोत की चार. तुम्ही स्कूटर घेतली तरी ते डिझेल जळायचंच. आणि भारमान, म्हणजे भरलेल्या जागांचं प्रमाण, उतरत गेलं की एक दिवस ती फेरीच बंद होते.

माझ्या गावची मुक्कामी गाडी अशीच गेली. गाडी सकाळी साडेसहाला सुटायची. शाळेच्या मुलांना ते फार लवकर, नोकरीवाल्यांनी मोटारसायकली घेतलेल्या, उरल्या मासळीच्या पाट्या घेऊन जाणाऱ्या सात-आठ बायका. फेरी रद्द झाली आणि त्या बायका रोज टेम्पोला पैसे मोजू लागल्या. ते मला फार लागलं, कारण त्या गाडीचं इंजिन मी स्वतः दोनदा उतरवून बसवलं होतं. शेवटी ग्रामपंचायतीचा ठराव, शाळेचं पत्र आणि ६४ सह्या घेऊन आम्ही आगारात गेलो. गाडी परत द्या एवढंच म्हटलं नाही, ती सव्वासातला सोडा असं मागितलं. चार महिने लागले. आता जागा मिळत नाही.

तुमची एसटी वेळेत तासभर चुकत असेल तर असा अर्ज करा, आगार व्यवस्थापकांच्या नावाने, किती प्रवासी कुठल्या थांब्यावर चढतील त्याची यादी जोडून. महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. वेळ बदलून मिळाली तर स्कूटर घेऊच नका. नाही मिळाली तर निर्धास्त घ्या.

प्रश्न : दरवर्षी गणपतीला आम्ही तिघे बोरिवलीहून राजापूरला गाडीने जातो. रेल्वेचं आरक्षण मिळत नाही. सीएनजीची गाडी घेतली तर तेलाचा प्रश्न सुटेल का?
— एक चाकरमानी

उत्तर : पुरता नाही. देशात लागणाऱ्या नैसर्गिक वायूतला जवळपास निम्मा आयातच होतो. प्रदूषण कमी होईल आणि खिशालाही बरं पडेल, पण परावलंबन राहीलच.

राजापूरपर्यंत तुमच्या गाडीला चोवीस-पंचवीस लिटर लागत असतील, म्हणजे माणशी आठ. भरलेल्या एसटीत माणशी दोन पडतात. कोकण रेल्वेवर तर २०२२ पासून सगळ्या मार्गावर विजेच्या तारा आहेत. १९९८ मध्ये मार्ग पुरा झाला तेव्हा डिझेलची इंजिनं बोगद्यांतून धूर काढत जायची. आज त्याच बोगद्यांतून गाडी डिझेलशिवाय जाते.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तारीख मांडून ठेवा, तरी गणपतीत हुकू शकतं हे मलाही माहीत आहे. हुकलं तर वाडीतल्या मुंबईकरांनी मिळून एसटीचं गट आरक्षण करा, बस थेट गावापर्यंत जाते. खरी अडचण मला वेगळी वाटते. राजापूर रोड स्टेशन शहरापासून लांब, पहाटे सामान आणि म्हातारी माणसं घेऊन उतरलं की पुढे काय, या धास्तीने लोक घरूनच गाडी काढतात. चार घरांनी मिळून स्टेशनवर एक जीप ठरवून ठेवली तर ही धास्ती निम्मी होते. आमच्या वाडीत हे काम एक पोरगा करतो, सगळ्यांच्या गाड्यांच्या वेळा त्याच्याकडे लिहिलेल्या असतात.

प्रश्न : आजोबा, कोकणात रिफायनरी झाली असती तर तेल आयात करावं लागलं नसतं ना? आमच्या वर्गात यावर वाद झाला.
— इयत्ता नववी, दापोली

उत्तर : बाळा, रिफायनरी म्हणजे गिरणी. गावात भाताची गिरणी आली म्हणून शेतात भात जास्त पिकत नाही. राजापूरजवळ बारसूला रिफायनरी व्हावी की नको, यात बाजू कुठलीही घे, हे तसंच राहतं. आपल्या देशात गरजेपेक्षा जास्त तेल शुद्ध करायची सोय आधीच आहे आणि आपण पेट्रोल-डिझेल परदेशी विकतोही. कमी आहे ते कच्चं तेल. आपल्याच समुद्रात, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, सागर सम्राट या जहाजाने १९७४ मध्ये तेल शोधलं. तेव्हा मी तुझ्याएवढा होतो आणि बातमी रेडिओवर ऐकून आम्ही शाळेत पेढे वाटले होते. आज त्या विहिरी म्हाताऱ्या झाल्यात. सगळ्या देशाचं कच्चं तेल वर्षाला ३ कोटी टनांच्या आत निघतं आणि गरज २३ कोटी टनांच्या घरात आहे.

वादापेक्षा एक काम कर. रविवारी वही घेऊन दाभोळच्या धक्क्यावर जा आणि दोन तास मोज : फेरीबोटीतून धोपाव्याला किती मोटारसायकली, किती चारचाकी गेल्या. बोट नसती तर त्यांना चिपळूणवरून वळसा पडला असता, शंभराच्या वर किलोमीटर. तेवढ्याचं तेल काढ. बोटीने त्या दोन तासांत किती डिझेल जाळलं ते तिथल्या तांडेलांना विचार आणि वजा कर. उत्तर मला पत्राने पाठव, पुढच्या अंकात तुझ्या वर्गाच्या नावाने छापू.