धर्मनिष्ठ ख्रिस्ती वडिलांच्या पहिल्या स्मृतिदिनी मिस्सेनंतर त्यांच्याविषयी काय बोलावे?

तुमचे वडील रोज मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जाणारे, संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना कधीही न चुकवणारे गृहस्थ होते. वर्षाच्या मिस्सेनंतर पाच मिनिटे बोलायचे आहे आणि त्यांच्या धर्मनिष्ठेबद्दल नेमके काय सांगावे हे सुचत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. मी वसईची आहे. माझे वडील वारले तेव्हा हाच प्रश्न आमच्या घरात उभा राहिला आणि त्याला चुकीचे उत्तर दिले गेले, असे माझे आजही ठाम मत आहे.

व्यावहारिक भाग आधी सांगते. अंत्यविधीच्या मिस्सेत प्रवचनाच्या जागी मृत व्यक्तीचे गुणगान करू नये, असा कॅथलिक उपासनेचा नियम आहे. मिस्सेच्या अखेरीस ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर) वाटून झाल्यानंतरची प्रार्थना झाली की कुटुंबातील एकाला थोडक्यात बोलता येते. तुम्हाला नेमके केव्हा उभे राहायचे आहे, हे फादरांना आधीच विचारून ठेवा.

आमच्याकडे थोरला भाऊ बोलला. बाबा गरिबांना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीचे किती वर्षे सभासद होते, सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांना, नोव्हेनाला, ते कसे राबत, लॅटिन मिस्सेतली सगळी उत्तरे त्यांना कशी मुखोद्गत होती, आणि १९६० च्या दशकात झालेल्या कॅथलिक धर्मगुरूंच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आल्यावर त्यांनी नव्या प्रार्थना आम्हा मुलांच्या बरोबर बसून कशा पाठ केल्या, हे सर्व त्याने सांगितले. त्यातले अक्षरही खोटे नव्हते. पण नाव बदलले असते तर तेच भाषण आमच्या धर्मग्रामातल्या (आमच्या चर्चच्या हद्दीतल्या) त्या वयाच्या निम्म्या पुरुषांना लागू पडले असते. त्यात विहीर नव्हती.

ती गोष्ट १९८० च्या दशकाच्या अखेरीची आहे. रेल्वे स्टेशनांच्या बाजूला इमारती उभ्या राहत होत्या, त्यांना पाणी नव्हते, आणि आमच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांमधल्या विहिरींचे पाणी टँकरने तिकडे जाऊ लागले होते. आमच्या वाडीत केळी होती, थोडा पानमळा होता, आणि आजोबांनी खणलेली गोड्या पाण्याची विहीर होती. एका संध्याकाळी टँकरवाला आला, विहिरीच्या काठावर बसला, आणि त्याने आगाऊ रकमेच्या नोटा काढून वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर एक खडा ठेवला. बाबांनी हातपाय धुतले, खडा बाजूला केला, नोटा दोनदा मोजल्या आणि त्याच्या हातात परत दिल्या. मग त्याच विहिरीचे तांब्याभर पाणी त्याला प्यायला दिले आणि म्हणाले, “विहीर माझ्या बापाने खणली, पाणी देवाने घातलं. मी यात काही घातलं नाही, तर विकू काय?” रात्री रोझरी संपल्यावर त्यांनी त्या माणसासाठी ‘नमो मरिया’ ही मरियामातेची प्रार्थना एकदा जास्तीची म्हणायला लावली.

त्या वर्षी भावाला डिप्लोमाला प्रवेश मिळाला होता आणि फीचे पैसे जमले नाहीत. टँकरचे पैसे घेतले असते तर ते सहज जमले असते. तो प्रवेश गेला, आणि बाबांनी याबद्दल त्याला आधी विचारले नाही की नंतर कधी समजावले नाही.

भावाचे म्हणणे असे की बाबांच्या भोळेपणाची किंमत आपण मोजली, आणि शेवटी उपयोग काय झाला? भोवतालच्या उपशाने आमचीही विहीर मचूळ झालीच. हे खरे आहे. समुद्रालगतच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते आणि प्रमाणाबाहेर उपसा केला की खारे पाणी वर सरकते. त्याला आमच्या वाडीचे कुंपण कळत नाही. पाचसहा वर्षांतच केळीच्या पानांच्या कडा करपू लागल्या. परंतु बाबा भोळे मुळीच नव्हते. शेजारच्या दोन विहिरी मचूळ होताना त्यांनी पाहिल्या होत्या, आपलीही वाचणार नाही हे त्यांना दिसत होते, आणि तरीही शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढण्यात आपला हात असू नये, असे त्यांनी ठरवले होते. ज्या प्रार्थना ते रोज म्हणत, त्यांचा अर्थ त्यांना लागला होता याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. भाषणात विहीर का नको, हे सांगताना भाऊ बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायाचा दाखला देऊन म्हणाला होता की डाव्या हाताला उजव्याचे कळू देऊ नये. तो नियम दान देणाऱ्यासाठी आहे. पाहणाऱ्याने गप्प बसावे असे तिथे लिहिलेले नाही.

म्हणून तुम्ही पदांची आणि रोझरींची यादी करू नका. वडिलांचे त्यांच्या श्रद्धेमुळे कुठे नुकसान झाले ते आठवा: कोणती जमीन सोडली, कोणत्या भावाशी आपणहून बोलायला गेले, कोणाला दिलेले कर्ज परत मागितले नाही. एकच प्रसंग घ्या, तो हात, भांडी, माणसे यांसकट सांगा, आणि त्यांची चूक असेल तर तीही सांगा. माझ्या वडिलांनी मुलाला विचारायला हवे होते. मी बोलले असते तर हेही वेदीसमोर सांगितले असते, आणि त्याने बाबा लहान झाले नसते.

दोन गोष्टी मात्र ध्यानात घ्या. सगळ्यांच्या वडिलांच्या आयुष्यात अशी विहीर असतेच असे नाही; रोज पहाटे आजारी बायकोला चहा करून देऊन मग चर्चला निघणारा माणूसही पुरेसा आहे. आणि त्या प्रसंगाची झळ घरात ज्याला बसली असेल, त्याला मजकूर आधी वाचून दाखवा. हे मला फार उशिरा कळले. माझ्या हातून त्या वेळी ते झाले असते, तर कदाचित भावानेच विहिरीची गोष्ट सांगितली असती, त्याच्या बाजूने.