पुतण्याचं दुखणं माझ्या बाळालाही होईल का?

प्रश्न : मी भांडुपला राहते, अकरावा आठवडा चालू आहे. थोरल्या जाऊबाईंचा मुलगा आठ वर्षांचा आहे, तो मतिमंद आहे. जन्मल्यावर तो लगेच रडला नाही आणि पुढे कावीळही खूप वाढली होती, असं त्या सांगतात. सासूबाई म्हणतात, घराण्यातच आहे ते. त्याचे जपून ठेवलेले कपडेही माझ्या बाळाला नकोत म्हणतात. ग्रहणात मला विळीला हात लावू देत नाहीत. घरात सैंधव मीठच असतं. मी नेमकं काय सांभाळू?
– एक वाचक

उत्तर : बाळ उशिरा रडणं आणि कावीळ डोक्याला चढणं हेच कारण असेल, तर ते सहसा घराण्यातून येत नाही. पण ऐकीव माहितीवर सोडू नका. जाऊबाईंकडून पुतण्याचं डिस्चार्ज कार्ड घ्या आणि पुढच्या तपासणीला घेऊन जा. दोघींपैकी कुणाचं लग्न नात्यातलं असेल तर तेही सांगा. आत्याच्या मुलाशी लग्न आपल्याकडे इतकं घरचं, की डॉक्टरांनी विचारल्याशिवाय कुणी बोलत नाही.

मीठ आजच बदला. सैंधवात सहसा आयोडीन घातलेलं नसतं, तुमच्याकडच्या मिठागरातल्या खड्यांतही नाही. गरोदरपणी रोज 250 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते. पुडी आयोडीनयुक्त मिठाची घ्या आणि बरणीचं झाकण घट्ट लावा. ग्रहणात विळी नाही धरली तर बिघडत नाही, फक्त त्या दिवशी उपाशी राहू नका आणि गोळ्या चुकवू नका.

आता बाळंतपणानंतरचं. महापालिकेच्या रुग्णालयात नवजात विभागात मी नोकरी केली. तिथे आया कौतुकानं सांगायच्या, ‘बाई, एकदम गुणी आहे, रडत नाही, नुसतं झोपून असतं.’ अशा गुणी बाळाचा आवाज घोगरा, बेंबी फुगलेली, शी घट्ट आणि कावीळ दोन आठवडे उलटले तरी हटत नसेल, तर थायरॉइड तपासायलाच हवं. खरं तर लक्षणांची वाटच पाहू नये, कारण बरीच बाळं सुरुवातीला अगदी ठणठणीत दिसतात. दोन ते तीन दिवसांची असताना टाचेतून थेंबभर रक्त घेऊन टीएसएच पाहतात; थायरॉइड कमी पडत असेल तर हा आकडा वाढलेला दिसतो. लवकर घरी सोडणार असतील तर नाळेच्या रक्तातून करता येईल का, हे आधीच विचारून ठेवा. थायरॉइड कमी निघालं तर रोज एक छोटी गोळी कुस्करून चमचाभर आईच्या दुधातून द्यायची, बस. पहिल्या दोन आठवड्यांत ती सुरू झाली तर बहुतेक मुलं इतरांसारखीच शिकतात. महिनोन्‌महिने गेले तर मेंदूचं झालेलं नुकसान गोळीनं भरून येत नाही. इतका स्वस्त उपाय आणि तरी तो राहून जातो, याचा मला अजून राग येतो.

कावीळ पाहायची ती दिवसाच्या उजेडात, कपाळ-छाती बोटानं दाबून. पहिल्याच दिवशी पिवळेपणा दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा बाळ दूध ओढेना, तर खिडकीतल्या उन्हावर विसंबू नका, दवाखाना गाठा. तुमचा रक्तगट निगेटिव्ह आहे का, हे आत्ताच पाहा. असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं विचारा; आई-बाळाचे रक्तगट न जुळल्यानं होणारी कावीळ टाळायला ते देतात.

पुतण्याचे कपडे खुशाल घाला. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असतील तर मात्र नीट धुवून, खडखडीत वाळवूनच. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. त्यांच्या तांबड्या पेशी त्या गोळ्यांच्या वासानंही फुटतात आणि कावीळ भडकते.

मतिमंदत्वाचं आणखी एक जन्मजात कारण म्हणजे डाउन सिंड्रोम. तो टाळता येत नाही, पण त्याची शक्यता आधी कळू शकते. त्यासाठीची सोनोग्राफी आणि डबल मार्कर ही आईच्या रक्ताची तपासणी 11 ते 13 आठवड्यांत करतात, म्हणजे तुमची वेळ आत्ताच आहे. करायची की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवा, पण या आठवड्यातच.