सवलत घ्या, पण गणित सोडण्याची घाई नको

प्रश्न : मुलगा चौदा पूर्ण, नववीत, मराठी माध्यम. तोंडी विचारलं की धडा घडाघडा सांगतो, पेपर मात्र अर्धा कोरा. 'दिवस' लिहिताना वेलांटी भलत्याच अक्षराला जाते. घरातला मिक्सर, पंखा तोच दुरुस्त करतो. आयटीआयला जाऊन इलेक्ट्रिशियन व्हायचंय. शाळा म्हणते, अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आणा, दहावीला गणित सोडता येईल. त्याचे बाबा म्हणतात, कायमचा शिक्का बसेल. काय करू?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित अवघड जाणं. तिचं प्रमाणपत्र जरूर काढा. गणित मात्र इतक्यात सोडू नका. इलेक्ट्रिशियन किंवा फिटर ट्रेडला दहावी गणित आणि विज्ञान घेऊन उत्तीर्ण असावं लागतं. टक्केवारीसाठी गणित सोडलं, तर त्याच्या आवडीचीच वाट अडते.

सवलती दोन तऱ्हेच्या असतात. जादा वेळ आणि लेखनिक (मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणारा) यांमुळे परीक्षा देण्याची रीत बदलते, विषय तोच राहतो. या बिनधास्त घ्या. विषयच काढून टाकणारी सवलत पुढची दारंही बंद करू शकते, तिचा विचार शेवटी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा थेट उल्लेख आहे. आयटीआयच्या दृष्टीने तिसरी भाषा सुटल्याने काही बिघडत नाही.

आज रात्रीच एक करून बघा. गणिताच्या पुस्तकातली दहा शाब्दिक उदाहरणं घ्या. पाच त्याला स्वतः वाचून सोडवू द्या, पाच तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. वाचून दाखवलेली सुटली, तर अडचण गणिताची नाही, वाचनाची आहे, आणि प्रश्न वाचून दाखवणाऱ्या लेखनिकाने ती बरीच हलकी होते. तीही सुटली नाहीत, आकडेच उलटसुलट होत असतील, तर गणिताच्या अक्षमतेची वेगळी तपासणी हवी. तसं निघालं तरी वेल्डर, वायरमनसारख्या ट्रेडना आठवी उत्तीर्ण चालतं. त्या वर्षीची आयटीआय प्रवेशाची माहितीपुस्तिका तेवढी पाहून घ्या.

वेलांटीचं म्हणाल तर तो निष्काळजीपणा नाही. ऱ्हस्व वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. आवाज आणि अक्षर यांची जोडणी मेंदूत सावकाश होणाऱ्या मुलांचा गोंधळ नेमका इथे आणि जोडाक्षरांत होतो. मराठी बरीचशी लिहिल्याप्रमाणे वाचली जाते, त्यामुळे अशी मुलं बरोबर पण फार हळू वाचतात आणि दोष वरच्या वर्गात जाईपर्यंत लपून राहतो. याला आनुवंशिक बाजूही असते. बाबांना विचारून बघा, त्यांचं शाळेतलं शुद्धलेखन कसं होतं!

शिक्क्याची भीती नको. प्रमाणपत्र तुमच्या कपाटात राहतं, गरज पडेल तेव्हा दाखवायचं. अक्षमता 40 टक्के किंवा जास्त ठरली, तर सरकारी आणि अनुदानित संस्थांतल्या उच्च शिक्षणात 5 टक्के राखीव जागांचा हक्कही मिळतो. (नुसती अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, कायद्यातल्या 21 प्रकारांत नाही; शाळा ती आणि अध्ययन अक्षमता एकच समजत असेल तर सावध राहा.)

प्रमाणपत्र शासनमान्य सरकारी रुग्णालयाचंच लागतं. खासगी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल शिकवण्यासाठी उपयोगी, बोर्डासाठी पुरत नाही. बुद्ध्यांक, वाचन-लेखन, डोळे आणि कान यांच्या तपासण्यांना अनेक फेऱ्या होतात, म्हणून नववीतच सुरुवात करा. दहावीचे फॉर्म भरण्याच्या वेळी कागद शाळेच्या हातात हवा. सोबत मुख्याध्यापकांचं पत्र, गुणपत्रिका आणि दोन-तीन वर्षांच्या वह्या न्या, पण कच्च्या. पालक हौसेने नीटनेटक्या, दुसऱ्याकडून उतरवून घेतलेल्या वह्या नेतात आणि त्यांतून तज्ज्ञांना काहीच कळत नाही. प्रमाणपत्राच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी असते. त्याची आता होईल, पुढची अठराव्या वर्षी. ती ऐन पुढच्या प्रवेशाच्या सुमारास येते आणि हमखास विसरली जाते; तारीख आत्ताच लिहून ठेवा.

लेखनिक थेट बोर्डाच्या पेपरला भेटला, तर मुलगा अर्धं वाक्य सांगून थांबतो आणि जादा वेळ नुसता बसण्यात जातो. तीन तासांच्या पेपरला तासामागे 20 मिनिटं म्हणजे पूर्ण एक तास मिळतो. तो वापरायची सवय लागावी म्हणून खालच्या इयत्तेतलं एखादं मूल घेऊन आठ-दहा सराव पेपर सोडवून घ्या. त्यात भूमितीची आकृती तोंडी सांगून काढून घेण्याचा सराव जास्त करा. 'बिंदू क पासून रेषा' एवढंच सांगून लेखनिकाला काही कळत नाही. लांबी, कोन, दिशा सगळं सांगावं लागतं.