ऑफिसला धावत जायचंय? आधी धावत घरी या

पहिला महिना सकाळी एसटीने जा, संध्याकाळी धावत परता. आठवड्यातून दोनदा, पाच-सहा किलोमीटर पुरे. अंघोळ घरीच होते, हा मोठा फायदा.

सॅक छातीला आणि कमरेला पट्टा असलेलीच घ्या, वजन दोन-तीन किलोंच्या आत. सैल सॅक उसळते आणि खांदे सोलवटतात. डबा तिच्यात टाकू नका, आमटी सांडणारच.

आपल्या कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. वेग सलग बोलता येईल इतकाच ठेवा. सुती बनियन भिजून घासतं. पॉलिस्टरचा टी-शर्ट घाला, काखेत-मांड्यांना व्हॅसलीन लावा. उतारावर पावलं आखूड टाका, नाहीतर गुडघे बोलतात.

उजव्या कडेने धावा, समोरची गाडी दिसते. महामार्ग टाळाच.

खरी परीक्षा पावसाळ्यात. पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या, जांभ्या दगडावर शेवाळ धरतं, तिथे चांगला बूटही घसरतो. सरळ चालत उतरा. घरी आल्यावर इनसोल काढून बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला. चुलीजवळ ठेवू नका, तळ सुटतो. दोन जोड आलटून-पालटून वापरा. ओल्या बुटांत रोज पाय घातलेत तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्याच म्हणून समजा.