पावसाळी रानवाटांचा क्लब: आधी शेवटी चालणारा माणूस निवडा

तुमचा प्रश्न असा: गोव्यातल्या वाळपईच्या वाचनालयातर्फे जून ते सप्टेंबर दर रविवारी लोकांना रानात फिरायला न्यायचं आहे, सहा स्वयंसेवक तयार आहेत, तर त्यांनी काय शिकायचं आणि कामं कशी वाटून घ्यायची.

सहाजण पुरेत, पण एका रविवारी चौघांनाच बाहेर काढा. दोघांना सुट्टी. सगळे सहाजण दर रविवारी आले तर चतुर्थी येईपर्यंत निम्मे गळतात. चौघांवर वीस माणसं, त्याहून जास्त नकोत. एकविसाव्याला पुढच्या खेपेचं नाव द्या, ओळखीचा असला तरी.

बरेच क्लब सर्वांत दमदार माणसाला पुढे ठेवतात. ते उलटं आहे. वाट माहीत असली की पुढचं काम कोणीही करतो. अडचण होते ती मागे. कोणाचा पाय मुरगळतो, कोणी शू करायला थांबतो, कोणाची चप्पल तुटते. म्हणून तुमचा सर्वांत शांत, प्रथमोपचार येणारा आणि 'बस, आता परत' म्हणायला न लाजणारा माणूस शेवटी ठेवा. त्याच्या मागे कोणीही राहता कामा नये, हे निघतानाच सगळ्यांना त्याच्याकडे बोट दाखवून सांगायचं.

पुढचा प्रत्येक फाट्यावर थांबतो आणि शेवटचा दिसेपर्यंत हलत नाही. इथे एक चूक फार होते. शेवटची टोळी धापा टाकत पोचते आणि त्याच क्षणी पुढचे, ज्यांची दहा मिनिटं विश्रांती झालेली असते, चालू पडतात. म्हणजे ज्याला विसाव्याची सर्वांत जास्त गरज त्यालाच तो मिळत नाही, आणि दमलेलाच घसरतो. शेवटचा आल्यावर घड्याळ लावून पाच मिनिटं, मगच पुढे.

डोकी मोजू नका. रविवारी धबधब्याच्या वाटेवर चार टोळ्या एकमेकांत मिसळतात आणि मोजणारा दुसऱ्याचा माणूस आपल्यात धरतो. बसमध्येच प्रत्येकाला आकडा द्या. थांबल्यावर एक, दोन, तीन असं ज्याचं त्याने ओरडायचं. 'तो आहे मागे' हे उत्तर चालत नाही. व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडल्यावर, प्रत्येक फाट्यावर आणि बस सुटण्याआधी आकडे झालेच पाहिजेत.

आता व्हाळ. खरी जोखीम इथे आहे, साप-बिबट्या नंतर. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उतरायचं नाही. अरुंद जागा बघून मोह होतो, पण अरुंद तिथे पाणी खोल आणि वेगाचं. रुंद, उथळ, खालचा दगड दिसेल अशी जागा शोधा, आणि खालच्या अंगाला धबधबा किंवा कोंड (खोल डोह) नाही ना ते आधी चालत जाऊन बघा. पाठपिशवीचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवायचा, म्हणजे पडल्यावर ती टाकता येते. काठी वरच्या अंगाला टेकायची, तोंड प्रवाहाकडे, एका वेळी एकच पाय हलवायचा. दोर कोणाच्याही कमरेला बांधू नका: माणूस पडला की प्रवाह त्याला दोराच्या टोकाशी पाण्याखाली दाबून धरतो.

जाताना पाण्याच्या काठाला एक काठी रोवून ठेवा. वाटेत पाऊस लागला तर एका स्वयंसेवकाला काठी बघायला मागे पाठवा, सोबत आणखी एकजण. पाणी वीतभर चढलं असेल तर धबधबा राहू दे, आत्ताच मागे फिरा. परतताना पाय थकलेले असतात आणि तोच व्हाळ सकाळपेक्षा मोठा झालेला असतो. डोक्यावर पाऊस नसला तरी पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला किंवा आवाज बदलला, तर वर कुठेतरी पाऊस कोसळलाय असं समजा आणि सगळ्यांना काठापासून उंचावर न्या.

त्यामुळे फक्त गोव्याचा हवामान इशारा बघणं अपुरं आहे. म्हादई नदी खानापूर तालुक्यात उगम पावते आणि दूधसागर धबधब्याचं पाणीही घाटमाथ्यावरून येतं, म्हणून बेळगाव जिल्ह्याचा इशाराही शनिवारी रात्री बघा. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून 'जोरदार', ११५.६ पासून 'अतिजोरदार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार' पाऊस. दोन्हींपैकी कुठेही ऑरेंज इशारा असेल तर व्हाळ नसलेली वाट घ्या, रेड असेल तर वाचनालयातच चहा प्या.

परत फिरण्याचा निर्णय मतदानाने घ्यायचा नाही. वीसजणांनी बसचे पैसे भरलेले असतात, ते 'जरा पुढे जाऊन बघूया'लाच मत देणार. चौघांपैकी कोणा एकाने 'परत' म्हटलं की परत. बाकी तिघांनी तिथे वाद घालायचा नाही, हवं तर बुधवारच्या बैठकीत घाला. हे लोकांना बसमध्येच सांगून टाका. त्याच वेळी बाटली बाळगणाऱ्यालाही सांगा की ती बसमध्येच राहील आणि प्यालेला माणूसही.

अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि त्यानंतर अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी आली. कुठे सोडतात आणि कुठे नाही हे बदलत राहतं, म्हणून गेल्या वर्षीच्या माहितीवर निघू नका, त्या आठवड्यात वनखात्याच्या रेंज ऑफिसला फोन करा. रेल्वे रुळावरून दूधसागरला जायची कल्पना कोणी काढलीच तर ती तिथेच मोडा, तो रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे.

सामानाचं थोडक्यात. प्रत्येक टोळीला दोन पिशव्या, एक पुढे एक मागे: १० सेंटिमीटरची दोन क्रेप बँडेज, त्रिकोणी पट्टी, गॉज, कात्री, ओआरएसची पाकिटं, शिट्टी, टॉर्च, जाड प्लास्टिकचा तुकडा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओतलं तर ते फायद्याऐवजी त्रास देतं. जीन्सवाल्याला घरी पाठवा किंवा हाफ पँट द्या. शेवाळलेल्या जांभ्यावर गुळगुळीत सोल टिकत नाही, खोल खोबणीचा रबरी सोल हवा.

जळवा लागणारच. नखाने आधी निमुळतं तोंड सोडवायचं, मग जाड बाजू. काडीपेटी, मीठ यांनी ती जखमेतच ओकू शकते. नंतर रक्त बराच वेळ झिरपतं कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, घाबरू नका, गॉज दाबून धरा.

साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. अंगठ्या-घड्याळ काढा, तो अवयव फळकूट लावून स्थिर करा, माणसाला चालवू नका, १०८ लावा. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यासाठी बनते, रानातल्या चापडा सापासाठी नाही. तरी दवाखाना गाठायचाच, फक्त सापाला पकडायच्या नादी लागू नका, लांबून फोटो मिळाला तर ठीक.

पैशांचं स्वच्छ ठेवा. स्वयंसेवकाला मानधन नको, पण बसभाडं आणि फोनचा खर्च त्याच्या खिशातून जाता कामा नये. वाटाड्या गावातलाच घ्या आणि त्याला पैसे द्या, व्हाळाचा स्वभाव त्यालाच ठाऊक असतो. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची सही हवी. मात्र सह्यांच्या कागदाने तुमची जबाबदारी संपत नाही.

दरीत नेटवर्क नसतं. म्हणून गावात घरी असलेल्या एकाकडे वाट, माणसांची नावं, बसचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा. सांगितलेल्या वेळेनंतर एक तास थांबून त्याने ११२ ला आणि रेंज ऑफिसला फोन करायचा, तुम्हाला नाही. बसपाशी पोचलात की पहिला फोन त्यालाच.