रोमिओ-ज्युलिएट बसवताना

रोमिओला पहिल्या प्रवेशापासून खरा प्रेमी करू नका. तेव्हा तो रोझालिन नावाच्या दुसऱ्याच मुलीसाठी झुरतोय, आणि शेक्सपिअरने ते झुरणं मुद्दाम घोटीव लिहिलंय: ‘थंड आग’, ‘आजारी आरोग्य’ असल्या जोड्या. तिथे प्रेक्षक थोडे हसले तर बरंच.

मेजवानीतल्या भेटीत दोघं मिळून १४ ओळींचं सुनीत पुरं करतात. चार ओळी त्याच्या, चार तिच्या, मग ओळी वाटून. मध्ये लांब विराम घेतलात तर यमक सुटतं आणि दोघांचं जुळणं ऐकूच येत नाही. तालमीत आधी बसून, फक्त आवाजावर हे पक्कं करा.

ज्युलिएटला अजून १४ वर्षं पुरी नाहीत, तरी व्यवहारी तीच. त्याच रात्री सज्जातून रोमिओला चंद्राची शपथ नको म्हणते, घाई होतेय हे सांगते, लग्नाचा विषय काढते, उद्या निरोप किती वाजता पाठवू तेही विचारते. तिला नुसती लाजरी केली, की चौथ्या अंकात मेल्यासारखी झोप आणणारं औषध एकटीने पिणारी मुलगी उपरी वाटते.

सगळं रविवार ते गुरुवार पहाट एवढ्यात घडतं, तेव्हा उसासे कापा, वेग ठेवा.