परिपत्रकात 'आम्ही' की 'आपण'?

प्रश्न असा आला आहे: 'कामाची पद्धत बदलणार असल्याचं परिपत्रक मराठीत करायचं आहे. इंग्रजी मसुद्यातल्या "वी"ला "आम्ही" म्हणावं की "आपण"? कर्मचाऱ्यांना त्यानं काही फरक पडतो का?'

पडतो, चांगलाच पडतो. 'आम्ही'त ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये असतो. इंग्रजीत हा भेद झाकून राहतो, मराठीत तो पहिल्याच शब्दाला उघडा पडतो. 'आम्ही कामाची पद्धत बदलत आहोत' असं वाचलं, की ठरवणारे वेगळे आणि निस्तरणारे वेगळे, हे कर्मचारी लगेच ओळखतो.

पण म्हणून सरसकट 'आपण' घालू नका. ते आदरार्थी 'तुम्ही'सुद्धा आहे, तेव्हा क्रियापदाकडे बघा. 'आपण नवी प्रणाली शिकून घेऊ' यात लिहिणाराही शिकायला बसतो. 'आपण नवी प्रणाली शिकून घ्यावी' म्हटलं, की तो बाजूला होतो आणि उरतो तो सभ्य हुकूम. 'आपण ही प्रणाली वापरायची आहे' हे वाक्य दोन्हीकडे झुकतं. आधीच धास्तावलेला माणूस त्यात हुकूमच वाचणार.

'पुनर्रचना करण्यात येत आहे' हे तर मला सर्वांत घातक वाटतं. करणारा कोण, हेच गायब! मग शंका विचारायची कोणाला? लोक आपापसांत तर्क लढवू लागतात.

अर्थात शब्दांमागे कृती हवी. लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच या संशोधकांनी १९४८ साली अमेरिकेतल्या हारवूड या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यातला प्रयोग प्रसिद्ध केला. कामातला बदल ज्या गटाला नुसता कळवला, त्याचं उत्पादन घसरलं ते खालीच राहिलं आणि ४० दिवसांत १७ टक्के कामगार सोडून गेले. ज्या गटांना बदलाच्या आखणीत घेतलं, ते लवकर सावरले. पहिल्या गटाला 'आपण' म्हणून कळवलं असतं, तरी कामगारांना ते खरं वाटलं नसतं.

तेव्हा जे वर ठरलं आहे, तिथं बिनदिक्कत 'आम्ही' लिहा आणि जे खरोखर मिळून ठरवायचं आहे, तिथंच 'आपण'. उदाहरणार्थ: 'नवी प्रणाली आणायचं आम्ही ठरवलं आहे. कोणत्या विभागानं आधी सुरुवात करायची आणि जुन्या नोंदींचं काय करायचं, हे आपण बैठकीत ठरवू.' खाली निर्णय घेणाऱ्याचं नाव आणि बैठकीची तारीख जरूर द्या.